एका चेहऱ्याला तीन टिकल्या

डेक्कनवरच्या एका जुन्या, नाव कमावलेल्या गॅलरीत एका शिल्पकाराचं एकल प्रदर्शन लागलं होतं. आत्याला घेऊन गेलो. आत्याचं वय ७४, बालपण सदाशिव पेठेत, त्यामुळे शंका मनात ठेवणं तिला जमत नाही.

पहिली दोन शिल्पं तिनं ‘बरं’ म्हणून सोडून दिली. तिसऱ्यापाशी थांबली. म्हाताऱ्या बाईचं नुसतं डोकं, हातभर उंच, डोळे मिटलेले. डाव्या गालफडावर अंगठ्याचा ठसा, रेघ न् रेघ मोजता यावी इतका स्वच्छ. खाली चिठ्ठी: नाव, साल आणि मग ‘ब्राँझ, आवृत्ती ३/८’. चिठ्ठीच्या कडेला तीन लाल टिकल्या.

“टिकली म्हणजे विकलं गेलं ना?”

“हो.”

“मग तीन कशा? तीनदा विकलं?”

मी सांगितलं की या चेहऱ्याच्या आठ प्रती निघणार आहेत, ही त्यातली तिसरी, आणि आतापर्यंत तीन प्रती गेल्यात. त्यावर ती म्हणाली, “म्हणजे खरं एकच असणार. ते कुठंय?”

प्रश्न साधा वाटतो, पण शिल्पांच्या प्रदर्शनात याहून चांगला प्रश्न विचारता येत नाही. चित्राच्या बाबतीत तो पडत नाही, कॅनव्हास एकच असतो. दगड किंवा लाकूड कोरलं तरी पडत नाही. ब्राँझच्या बाबतीत मात्र पडतो. कारण बहुतेक वेळा शिल्पकारानं ते ब्राँझ हातानं घडवलेलंच नसतं.

अंगठा गालावर कसा आला

तो ठसा उमटला तेव्हा तिथे धातू नव्हता, ओली माती होती. शिल्पकार आधी लोखंडी सळई आणि तार वापरून सांगाडा बांधतो, त्यावर माती चढवतो आणि दिवसचे दिवस तिच्याशी झटापट करतो. हे झालं की माती सुकून तडकण्याच्या आत तिचा साचा घ्यायचा. गणपतीच्या कारखान्यात डोकावलेल्या कुणालाही हा भाग सांगायला नको. फरक इतकाच की इथे साचा आतून रबराचा, म्हणजे बहुधा सिलिकॉनचा असतो आणि त्याला बाहेरून प्लास्टरचं किंवा फायबरचं कडक कवच असतं. रबर लवचीक, त्यामुळे नाकाखालची खोबण, कानामागची घडी, अंगठ्याची रेघ, सगळं ते उचलतं आणि न तुटता सुटतंही. माती मात्र या खटाटोपात बहुधा मोडते. म्हणजे शिल्पकाराचा हात जिला खरोखर लागला होता ती वस्तू पहिल्याच पायरीला संपली.

आता त्या रबरी साच्यात पातळ मेण फिरवून ओततात. मोदकाच्या साच्यात आपण उकड दाबतो ना, आत सारणाला जागा ठेवून, तसा मेणाचा चार-सहा मिलिमीटरचा थर साच्याला आतून बसतो आणि मध्ये पोकळी राहते. साचा उघडला की मेणाचा पोकळ चेहरा हातात येतो, गालावरच्या अंगठ्यासकट. इथे शिल्पकार पुन्हा बसतो. सांध्याच्या रेघा खरवडतो, बुडबुड्यांची भोकं बुजवतो, पापणी थोडी जास्त मिटवावीशी वाटली तर तेही याच वेळी. आठ प्रतींसाठी आठ मेणं निघतात आणि प्रत्येक मेणाला हात वेगळा लागतो. आत्याला हे फार पटलं. “म्हणजे चकल्या. सोऱ्या एक, पण दोन सारख्या होत नाहीत.”

मेणाच्या चेहऱ्याला मग मेणाच्याच कांड्या जोडतात. काही वाटा धातू आत यायला, काही हवा बाहेर जायला. पोकळीत गाभा भरतात आणि तो हलू नये म्हणून खिळे आरपार टोचून ठेवतात. वरून प्लास्टर आणि सुरखी, म्हणजे विटेची भुकटी, यांचं जाड वेष्टण. किंवा हल्ली बऱ्याच ठिकाणी सिलिकाच्या पातळ रबडीत पुन्हा पुन्हा बुडवून चढवलेलं सिरॅमिकचं कवच. हे सगळं भट्टीत तापवलं की मेण वितळून निघून जातं आणि त्याच्या जागी नुसती जागा उरते, चेहऱ्याच्या आकाराची. त्या रिकाम्या जागेत अकराशे अंशांच्या आसपास तापलेलं ब्राँझ मुशीतून ओततात. ‘एकाच मुशीतले’ हा शब्दप्रयोग जिथून आला ती ही मूस, धातू वितळवायचं भांडं. निवल्यावर वेष्टण फोडायचं. आत काळंकुट्ट, सगळीकडून कांड्या आलेलं काहीतरी सापडतं. त्याचा चेहरा व्हायला अजून कापाकापी, घासाघीस आणि वेल्डिंग आहे.

मेण घालवून त्याच्या जागी धातू आणायचा, म्हणून जगभर या पद्धतीला लॉस्ट वॅक्स म्हणतात. आपल्याकडचं नाव जास्त गोड आहे: मधूच्छिष्टविधान. मधाचं उष्टं, म्हणजे मध काढून घेतल्यावर पोळ्याचं जे उरतं ते मेण. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा यानं बाराव्या शतकात ‘मानसोल्लास’ हा ग्रंथ रचला, त्यात मूर्ती ओतण्याची ही रीत आली आहे. मेण आधी तोलून घ्यायचं आणि त्या हिशोबानं धातू घ्यायचा, हेसुद्धा. तो हिशोब आजही चालतो. ब्राँझ मेणाच्या साधारण नऊ पट जड. सव्वा किलो मेण लागलं तर अकरा-बारा किलो ब्राँझ लागणार, वर कांड्यांत, म्हणजे धातू येण्याच्या वाटांत, राहील ते वेगळं.

शिल्प पोकळ ठेवण्याचं कारण काटकसर एवढंच नाही. धातू निवताना आकसतो. जाड भाग सावकाश निवतो, पातळ भाग लवकर, आणि या ओढाताणीत चीर पडते किंवा पृष्ठभाग आत खेचला जातो. शिवाय हे हातभर डोकं भरीव केलं असतं तर वजन शंभर किलोंच्या पुढे गेलं असतं. भरीव ओतायची हिंमत जुन्या लोकांनी केली आहे म्हणा. १९७४ साली प्रवरेच्या काठी दायमाबादला शेतकऱ्यांना मातीत चार ब्राँझ सापडली: हत्ती, गेंडा, रेडा आणि दोन बैलांचा रथ, रथात उभा माणूस. चारही भरीव, मिळून साठ किलोंहून जास्त. मोहेंजोदडोची प्रसिद्ध नर्तकी त्यांच्यापुढे चिमुकली, जेमतेम साडेदहा सेंटीमीटरची.

तंत्र इतकं जुनं, मग ‘३/८’ ही भानगड जुन्या मूर्तींना का नाही? कारण जुने कारागीर मूर्ती थेट मेणातच घडवत. तामिळनाडूतल्या स्वामीमलैचे स्थपती, म्हणजे परंपरेनं मूर्ती घडवणारे, आजही तसंच करतात, बस्तरचे ढोकरा कारागीरही. आणि बस्तरच्या कारागिरांकडे शिकून आलेल्या मीरा मुखर्जींनी तीच वाट आपल्या आधुनिक शिल्पांसाठी धरली. मेण गेलं की गेलं, वेष्टण फोडलं की फुटलं, धातूची मूर्ती एकच उरते. पुनरावृत्ती शक्य होते ती मध्ये साचा आल्यावर. तेव्हा गॅलरीत ब्राँझसमोर उभे राहिलात तर पहिल्यांदा हेच विचारा: हे थेट मेणातलं आहे की साच्यातलं? उत्तरानं किंमतही बदलते आणि बघण्याची नजरही.

जाता जाता, आपल्या भाषेनं साच्यावर थोडा अन्यायच केला आहे. ‘साचेबद्ध’ ही शिवी झाली. ब्राँझच्या कामात साचा नसता तर तो अंगठा मातीबरोबरच गेला असता.

काशाची वाटी आणि कळकलेलं ताक

ब्राँझ म्हणजे काय हे आत्याला वेगळं सांगावं लागलं नाही. तळपायाला तूप लावून काशाच्या वाटीनं घासणारी पिढी ती. तांब्यात कथील मिसळलं की कासं, आणि इंग्रजीतलं ब्राँझ याच घराण्यातलं. वाटीच्या काशात कथलाचं प्रमाण जास्त, बावीस टक्क्यांच्या आसपास, म्हणून ती टण्णकन वाजते आणि फरशीवर पडली तर फुटूही शकते. शिल्पाच्या ब्राँझमध्ये कथील दहा टक्के किंवा त्याहून कमी. फाउंड्रीत, म्हणजे ओतकामाच्या कारखान्यात, सर्रास वापरतात त्या गनमेटलमध्ये ८५ भाग तांबं आणि कथील, शिसं, जस्त प्रत्येकी पाच. असा धातू वितळल्यावर पातळ होतो, बारीकसारीक जागेत शिरतो, नंतर कानसही खातो.

पुण्यात धातूच्या दोन दुनिया आहेत आणि दोन्हींत गल्लत नको. कसब्यातल्या तांबट आळीत पत्रा ठोकून भांडं उठवतात. तिथल्या मठारकामात हातोडीचा प्रत्येक ठोका दिसतो. भोसरीकडच्या फाउंड्र्यांत मात्र ओतकाम चालतं, बरंचसं वाळूच्या साच्यांत, पंपांसाठी आणि गाड्यांसाठी. कलेच्या ओतकामाचे नियम तेच, फक्त इथे अर्धा मिलिमीटर चुकला तर म्हातारीची पापणी बिघडते.

आता रंग. ते डोकं काळपट तपकिरी होतं आणि केसांच्या खोबणीत हिरवट. आत्याला वाटलं, ऑइलपेंट. नाही. तांब्या-पितळेच्या भांड्यात ताक राहिलं की ते कळकतं. भांड्याला कल्हई का करायची, तर हे होऊ नये म्हणून. धातू आंबटाशी, हवेशी, ओलाव्याशी संग करतो आणि त्याच्यावर क्षारांची पुटं चढतात. शिल्पाचा रंग म्हणजे हेच कळकणं, पण मुद्दाम, आटोक्यात केलेलं. गॅसच्या ज्योतीनं पृष्ठभाग तापवायचा आणि ब्रशनं रसायन मारायचं. गंधकाचं रसायन तपकिरी-काळं करतं, लोहाचं नायट्रेट तांबूस, तांब्याचं नायट्रेट हिरवं. वरून मेण चोळून ते पक्कं करायचं. याला सगळे पॅटिना म्हणतात. प्रत्येक प्रतीवर तो नव्यानं चढवावा लागतो, म्हणून तिसरी प्रत पहिलीपेक्षा जरा उबदार किंवा जरा काळी निघू शकते.

‘हात लावू नये’ ही पाटीही याच कारणानं. घामातलं मीठ आणि आम्ल या पुटाला खातं. एक हात काही करत नाही. हजार हात करतात. पंढरपूरला पादस्पर्श दर्शनानं दगडाची मूर्ती झिजते आणि वज्रलेप करावा लागतो, तिथे मिलिमीटरच्या अंशाइतक्या पुटाची काय कथा. आत्यानं हात मागे घेतला, पण खूश दिसली नाही.

आठच का, आणि नववं निघालं तर

आता मूळ प्रश्नाकडे. शिल्पाच्या व्यवहारात ‘खरं’ म्हणजे एकुलतं एक असं नसतं. शिल्पकारानं (तो हयात नसेल तर त्याच्या वारसांनी किंवा त्यानं नेमलेल्या संस्थेनं) ठरवलेल्या संख्येत, त्याच्या मूळ साच्यातून, त्याच्या मान्यतेनं निघालेली प्रत्येक प्रत खरी. संख्या मनाची नसते असं नाही, पण त्यामागे परंपरा आहे. फ्रान्समध्ये नियमानंच बारापर्यंत ओतकामांना मूळ कृती मानतात: आठ विक्रीसाठी, १/८ ते ८/८, आणि चार शिल्पकाराच्या स्वतःच्या, त्यांना रोमन आकडे. त्या चारांना ए.पी. म्हणतात, आर्टिस्ट्स प्रूफ. जगभरच्या गॅलऱ्यांनी हाच आकडा कमीअधिक उचलला, कुणी सहा काढतं, कुणी नऊ.

हे सगळं मुळात शिल्पकार रोदँच्या देशात घडलं यात नवल नाही. ओग्युस्त रोदँला ‘नरकद्वार’ या भव्य दरवाजाचं काम १८८० मध्ये मिळालं. त्यातलाच, वर बसून हनुवटीला हात लावून विचार करणारा गडी म्हणजे ‘विचारवंत’. रोदँ त्या दारावर आयुष्यभर काम करत राहिला आणि १९१७ मध्ये वारला. तोवर ते दार ब्राँझमध्ये एकदाही ओतलं गेलं नव्हतं. सगळं प्लास्टरमध्ये. आज संग्रहालयांत दिसणारी ब्राँझची सगळी नरकद्वारं त्याच्या पश्चात ओतलेली आहेत. त्यानं आपलं काम आणि ते ओतायचे हक्क फ्रेंच सरकारला देऊन ठेवले होते, म्हणून ती खरी ठरतात. स्वतःचं सर्वांत मोठं काम ब्राँझमध्ये त्यानं पाहिलंच नाही. आत्या यावर बराच वेळ गप्प होती. हे तिच्या बाबतीत दुर्मिळ.

मग खोटं कशाला म्हणायचं? समजा कुणी ही तिसरी प्रत विकत घेतली, तिच्यावरूनच रबर चढवून साचा काढला आणि नवीन ब्राँझ ओतलं. दिसायला जुळं. पण ब्राँझ निवताना दीड-दोन टक्के आकसतं. मूळ प्रत मातीच्या तुलनेत एकदा आकसलेली. हिच्यावरून काढलेली दुसऱ्यांदा आकसणार. हातभर डोक्याला अर्धा-पाऊण सेंटीमीटरचा फरक पडतो. दोन्ही कानांमधलं अंतर कॅलिपरनं मोजलं की चोरी पकडता येते. बारकावेही बोथट होतात, अंगठ्याची रेघ पुसट होते. शिल्पाच्या बाजारात माप हा साक्षीदार आहे, सहीपेक्षा बोलका. थ्रीडी स्कॅनिंग आल्यापासून हा साक्षीदार थोडा फितूर झाला आहे, कारण स्कॅन करून दोन टक्के वाढवून छापता येतं. त्यामुळे कागदपत्रांना वजन आलं: गॅलरीचं प्रमाणपत्र, फाउंड्रीचा शिक्का, आणि मानेच्या मागे किंवा तळाशी कोरलेली सही आणि क्रमांक. हे बघायला संकोचू नका. गॅलरीतल्या माणसाला म्हणा, जरा मागून दाखवा.

मागून बघण्याचं दुसरंही कारण आहे. मोठं शिल्प बहुधा तुकड्यातुकड्यांनी ओतून जोडतात. जोड पाठीवर, वस्त्राच्या घडीत, केसांखाली लपवलेले असतात. ते शोधण्यात वेगळी मजा आहे. म्हणूनच नानासाहेब करमरकरांचा शिवाजीनगरचा अश्वारूढ शिवाजी महाराजांचा पुतळा अजून थक्क करतो. सुमारे साडेतेरा फूट उंचीचा तो पुतळा मुंबईत माझगावच्या गोदीत एकसंध ओतला आणि १९२८ मध्ये पुण्यात उभा राहिला. तिथून रोज हजारो गाड्या जातात. घोड्याच्या पायांच्या नसा बघायला थांबणारा कुणी मला अजून भेटलेला नाही.

टिकलीचा हिशोब

पुण्यात कलादालनं दोन तऱ्हेची. महापालिकेची दालनं, जसं बालगंधर्व रंगमंदिराच्या आवारातलं किंवा घोले रस्त्यावरचं राजा रविवर्मा कलादालन, तिथे कलावंत भाडं भरतो, स्वतः चित्रं टांगतो, स्वतः दाराशी उभा राहून ‘या, बघा’ म्हणतो आणि विक्रीचा पैसा त्याचा. दुसऱ्या तऱ्हेची म्हणजे खासगी, प्रस्थापित गॅलरी. ती कलावंत निवडते, मांडणी, प्रकाश, कॅटलॉग आणि गिऱ्हाईक बघते, आणि विक्रीतला तिसरा ते निम्मा हिस्सा ठेवते. निम्मा ऐकून आत्याचे डोळे विस्फारले. मला तो नेहमीच अन्याय वाटत नाही, पण एक गोष्ट विचारून घ्यावी: फाउंड्रीचा खर्च आधी वजा होतो की कलावंताच्या निम्म्यातून? सगळी मेख तिथे आहे.

शिल्पकारांची एकल प्रदर्शनं म्हणूनच कमी दिसतात. चित्रकार वीस कॅनव्हास गुंडाळून टेम्पोत घालतो. शिल्पकाराला प्रत्येक तुकडा विकला जाण्याआधी ओतावा लागतो, पेटीत भरावा लागतो, उचलायला चौघं लागतात, मांडायला चौथरे लागतात. आवृत्तीचा खरा उपयोग इथे आहे. आठही प्रती आधी ओतत नाहीत. एक किंवा दोन ओतून प्रदर्शनात ठेवतात; टिकली लागली की पुढची फाउंड्रीला जाते. पहिल्या प्रती स्वस्त आणि शेवटच्या महाग, हा रिवाजही त्यातून आला, कारण उरलेल्या कमी. तेव्हा १/८ आणि ८/८ यांत दर्जाचा फरक शोधू नका.

कायद्याचं थोडक्यात. शिल्प विकत घेतलं म्हणजे त्याच्या नकला काढायचा हक्क मिळत नाही. कॉपीराइट शिल्पकाराकडेच राहतो, लिहून दिला नसेल तर. पुढे ते दहा हजार रुपयांपेक्षा जास्त किमतीला पुन्हा विकलं गेलं तर त्या किमतीत शिल्पकाराला दहा टक्क्यांपर्यंत हिस्सा मागायची सोयही भारतीय कायद्यात आहे, किती जण मागायला जातात तो भाग निराळा.

निघताना शिल्पकार स्वतःच भेटले. कोपऱ्यात चहा घेत होते. आत्या सरळ त्यांच्यापुढे गेली.

“अहो, तो गालावरचा अंगठा तुमचाच का?”

“हो, माझाच. चुकून लागला होता. पुसणार होतो.”

“नाही पुसलात ते बरं केलंत. आणि आठवं झालं की साच्याचं काय करता?”

“कापून टाकतो. नववं निघायला नको.”

“कुणासमोर?”

ते हसले. गॅलरीतल्या बाई मध्ये पडल्या आणि म्हणाल्या की घेणाऱ्याला आम्ही रीतसर प्रमाणपत्र देतो, त्यावर आवृत्तीची संख्या लिहिलेली असते.

“प्रमाणपत्र असू दे,” आत्या म्हणाली, “त्या कापलेल्या साच्यातला गालाचा तुकडा द्या म्हणावं सोबत.”

शिल्पकारांनी कप खाली ठेवला आणि खिशातून पेन काढून हाताशी असलेल्या कॅटलॉगच्या पाठीवर काहीतरी लिहून घेतलं.